पुढच्या खोलीतला भाडेकरू

ट्रेवर्न, १५ नोव्हेंबर १९२५

लाडक्या टेगवेन,

आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. नसू दे. नर्सचं शिक्षण म्हणजे बसायलाही सवड मिळत नसेल, असं मी शेजारच्या मार्गेड अ‍ॅनला सांगते. ती "हो, तसंच असेल" म्हणते आणि माझ्याकडे न बघता विणत राहते.

आज मी तू ज्याच्यावरून घर सोडून गेलीस त्या माणसाबद्दल लिहिणार आहे. पत्र फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड.

आपल्या भाडेकरूला, गोमर मथायसला, वेल्सच्या रग्बी संघाच्या निवड सामन्याला बोलावलंय. पेपरात नाव आलं. संध्याकाळी तो खाणीतून परतला तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती, आणि हा आपला मान खाली घालून, जणू काही चोरी करून आलाय असा घरात शिरला. मी म्हटलं, "अरे, लोक तुझं कौतुक करायला थांबलेत!" तर म्हणतो, "रॉसरबाई, आधी अंघोळ करू का? कौतुक नंतर ऐकतो."

तो चुलीपुढे टब ओढतो तेव्हा मी विणकाम घेऊन मार्गेड अ‍ॅनकडे जाऊन बसते, हे तुला सांगून ठेवते. पाठ धुतली की कणा कमजोर होतो असं तोही मानतो, तुझ्या बाबांसारखंच. खाणीतल्या सगळ्या शहाण्यांचं डोकं एकाच साच्यातलं. त्यामुळे त्याच्या चादरीवर रोज काळा चौकोन उमटतो आणि दर सोमवारी मी त्या चौकोनाला शिव्या देत धुते.

तू म्हणालीस की बाबांना जाऊन सहा महिने झाले नाहीत तोवर मी त्यांची खोली परक्याला दिली. दिली. घर कंपनीचं आहे, बाळा. खाणीत उतरणारा माणूस घरात नसेल तर घर खाली करा, ही त्यांची रीत. तुझे बाबा गेल्यावर मी कुठे जाणार होते? तेव्हाही हेच सांगितलं होतं. तेव्हा तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतीस, आणि मी सांगायच्या नव्हते, नुसती ओरडले.

गरम कपडे घालत जा.

तुझी आई

*

ट्रेवर्न, ९ फेब्रुवारी १९२६

लाडक्या टेगवेन,

गोमर वेल्सकडून खेळला. शनिवारी, एडिंबराला. आपण हरलो.

त्याच्याकडे बूट होते आणि ते गुंडाळायला वर्तमानपत्र होतं. बॅग नव्हती. मी तुझ्या बाबांची दिली. हे लिहू की नको असा विचार केला, पण गल्लीतलं कुणीतरी तुला कळवणारच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

रविवारी दुपारी परत आला तर एक डोळा बंद आणि कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा सुजलेला. विचारलं, "कसा झाला सामना?" म्हणाला, "मला नाही माहीत. मी पूर्ण वेळ स्क्रमच्या आत होतो." सोळा दांडगे एकमेकांत डोकी घालून रेटारेटी करतात आणि चेंडू बाहेर पडला की सडपातळ पोरं तो घेऊन पळतात, असा खेळ आहे म्हणे. पेपरात नावं त्या पळणाऱ्यांची येतात. गोमरला त्याचं काही वाटत नाही. तो म्हणतो, "खाणीतही तसंच आहे की."

देशाकडून खेळणाऱ्याला टोपी देतात. मखमलीची, लाल, सोनेरी गोंड्याची. डोक्यात घालायची नसते, नुसती ठेवायची असते. ती हातात धरून तो स्वयंपाकघरात उभा. "रॉसरबाई, ही कुठे ठेवायची?"

"तुझ्या आईला पाठव."

"आई नाही."

इतके महिने माझ्या घरात राहतोय आणि मला हे ठाऊक नव्हतं. कार्मार्थेनकडे शेत आहे, भाऊ आहे, एवढंच तो बोलला होता. मी टोपी घेऊन कपाटात चांगल्या बश्यांच्या मागे ठेवली.

सोमवारी पहाटे पुन्हा खाणीत. तो मिटलेला डोळा घेऊन. मी म्हटलं, एक दिवस तरी सुट्टी घे. म्हणाला, "शनिवारी देशाचा होतो, सोमवारी कंपनीचा."

तुझी आई

*

ट्रेवर्न, ५ सप्टेंबर १९२६

लाडक्या टेगवेन,

तुझं कार्ड मिळालं! बोटींचं चित्र फार सुंदर आहे. मागच्या बाजूला तू "मी बरी आहे, काळजी नको" एवढंच लिहिलंस, पण अक्षर तुझंच आहे आणि मला तेवढं पुरे. ते चुलीवरच्या फळीवर उभं करून ठेवलंय.

मालकांनी मे महिन्यात खाणीला टाळं लावलं ते अजून तसंच आहे. चॅपलच्या मागच्या खोलीत आम्ही बायका सगळ्या गावासाठी रस्सा शिजवतो. रस्सा म्हणायचं आपलं, बटाट्याचं पाणी ते. गोमर मदतीला येतो. त्याच्या फावड्यासारख्या हातात बटाटा दिला की सोलून झाल्यावर वाटाण्याएवढा उरतो. मार्गेड अ‍ॅन त्याला म्हणाली, "अरे मेल्या, साल काढायचीय, बटाट्याचा जीव घ्यायचा नाहीय!" आता त्याच्याकडे पाणी भरायचं काम आहे.

गेल्या आठवड्यात उत्तरेकडचा एक माणूस आला. चकचकीत बूट, गळ्याला रुमाल. तिकडे तुझ्या लिव्हरपूलजवळ, लँकाशायरमध्ये, रग्बीचे पैसे देतात, तुला तिथे राहून माहीत असेल. पण एकदा ते पैसे घेतले की संपलं. लाल जर्सी पुन्हा अंगाला लागायची नाही. आपल्याच गावच्या क्लबात पाऊल टाकायची बंदी, आणि तीही जन्माची. तो माणूस आपल्या पुढच्या खोलीत तास दीड तास बोलला. गोमर शेवटी म्हणाला, "नको."

तो गेल्यावर मी गोमरला चांगलं फैलावर घेतलं. "मूर्खा, अख्खं खोरं उपाशी आहे आणि तू नको म्हणतोस?"

"तिकडे काय आहे?"

"पोटभर जेवण आहे!"

"जेवण इथेही आहे."

"इथे बटाट्याचं पाणी आहे."

"ते तुम्ही करता ना," म्हणाला.

मग मी बादली घेऊन अंगणात गेले. तिथे काही काम होतं.

तुझी आई

*

ट्रेवर्न, ८ फेब्रुवारी १९२७

लाडक्या टेगवेन,

हसू नकोस. मी कार्डिफला रग्बीचा सामना बघून आले.

गोमरने दोन तिकिटं दिली. मी म्हटलं, चॅपलची बाई मी, दारुड्यांच्या गर्दीत काय करू? पण मार्गेड अ‍ॅनने आधीच टोपी घातली होती. गाडीत बसायला जागा नव्हती, आणि पाऊस असा की छत्री उघडली तर मागचे ओरडत, मिटली तर पाणी मानेतून आत. आणि मग, टेगवेन, ते सगळे दारुडे गाऊ लागले. आपलीच स्तोत्रं! चारी सूर लावून, पुढे कुणी हात हलवून ताल देणारा नसताना. आपल्या चॅपलात होवेल्स पाद्री वर्षभर जिवाचं रान करतात तरी असं जमत नाही. मीही गायले. मार्गेड अ‍ॅनने तर माझ्या आधी सुरुवात केली होती.

थोड्या वेळाने चिखलामुळे आपले कोण आणि स्कॉटलंडचे कोण काही कळेना. सगळेच तपकिरी. पण गोमर मला ओळखू येत होता. चालण्यावरून. एकदा ते सगळे त्याच्या अंगावर पडले, मग एकेक करून उठले, आणि हा उठेना. कुणीतरी पळत पाणी घेऊन गेलं. मी काय ओरडले मला आठवत नाही. मार्गेड अ‍ॅन म्हणते की मी "गोमर! ऊठ ना रे!" असं ओरडले, आणि पुढच्या तीन रांगांनी वळून पाहिलं.

तो उठला. आपण हरलो.

परतताना मार्गेड अ‍ॅन माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, काही नाही.

पाय भिजले म्हणून सर्दी झालीय. बाकी ठीक.

तुझी आई

*

ट्रेवर्न, २ मे १९२७

टेगवेन,

तुझं पत्र आलं. दोन वर्षांत पहिलं चार ओळींचं पत्र, आणि त्यातल्या तीन ओळी गोमर आणि मी याच प्रश्नाच्या.

तर ऐक. मागच्या महिन्यात होवेल्स पाद्री आणि चॅपलचे दोन पंच घरी आले. मी चहा केला, केक मांडला. पाद्री म्हणाले, "लाइसा, गावात बोललं जातंय."

"काय बोललं जातंय?"

तिघंही केककडे बघू लागले. शेवटी एक पंच म्हणाला, "तरुण माणूस आहे. तू एकटी. बरं दिसत नाही." मी म्हटलं, "एबेन गेल्यावर घर जात होतं तेव्हा तुमच्यापैकी कुणाला बरं वाईट दिसलं नाही." असं बोलायला नको होतं. केक कुणी खाल्ला नाही.

गोमर खालच्या गल्लीत मिसेस प्रॉसरकडे राहायला गेला. मीच सांगितलं जायला. त्याने का असं विचारलं नाही. सामान बांधलं, खोली झाडून काढली आणि गेला. आता पुढच्या खोलीत म्हातारा शॅड्रॅक आहे. दात नाहीत, ऐकू येत नाही, पण अजून खाणीत उतरतो म्हणून घर शाबूत आहे. घोरणं असं की भिंतीपलीकडून मार्गेड अ‍ॅन काठी आपटते.

तू सरळ विचारलंस, सरळ उत्तर देते. काही नाही. तो तिशीच्या आतला, मी चाळिशी ओलांडलेली. असं काही असतं का?

तुझी आई

*

ट्रेवर्न, १८ सप्टेंबर १९२७

लाडक्या टेगवेन,

गोमर उत्तरेकडे गेला.

जाण्याआधी आला होता. पुढच्या दाराने. आपल्याकडे पुढचं दार डॉक्टर आणि पाद्र्यांसाठीच उघडतं, त्यामुळे ठोठावल्यावर मी आधी एप्रन सोडला. उंबऱ्यातच उभा राहिला, टोपी हातात.

"रॉसरबाई, तो चकचकीत बूटवाला पुन्हा आलाय. तुम्ही नको म्हणा, मी जात नाही."

खाण आठवड्यातून तीन दिवस चालते. मिसेस प्रॉसर त्याला पोटभर वाढत नाही, अंगावर हाडं दिसत होती. पेपरवाले लिहितात, अजून पाच वर्षं तरी तो वेल्सकडून खेळेल. आणि मिसेस प्रॉसरच्या घरातून आपलं दार दिसतं. तो संध्याकाळी त्या खिडकीत बसतो, हेही गावाने पाहिलंय. इथे राहिला तर त्याचं काय होणार होतं? आणि माझं?

मी म्हटलं, "जा."

"माझ्याकडे बघून सांगा."

मी बघून सांगितलं. टेगवेन, मी कोळशाच्या गोण्या उचलल्यात, तुझ्या बाबांची शवपेटी उचलताना खांदा दिलाय. पण असं जड काही उचललं नव्हतं.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी 'फार्मर्स आर्म्स' गुत्त्यात, जिथे क्लब भरतो, तिथल्या भिंतीवरून त्याचा फोटो उतरवला. सेक्रेटरी वॉटकिनला स्वतःलाच उतरवावा लागला. म्हणतात, तो पुसून मग कागदात गुंडाळला.

गोमरचं नवं गाव तुझ्यापासून ट्रामने तासाभरावर आहे. रविवारी त्याला काही काम नसतं. तुझा पत्ता मी दिलाय. रागाव हवं तर. पण दारात आला तर चहा दे. यापलीकडे काही मागत नाही.

तुझी आई

*

ट्रेवर्न, २२ जानेवारी १९२८

लाडक्या, लाडक्या टेगवेन,

चहा दिलास! आणि वर अंडंही! देव तुझं भलं करो.

तो नीट जेवतो का? लोकरीचा बनियन घालतो का? उजव्या गुडघ्याला गरम पाण्याने शेकायला हवं, सांगशील? तिकडचे लोक त्याला वेल्श म्हणून चिडवतात का? चिडवलं तर तो बोलणार नाही, तूच विचारून घे. इंग्रजी जमतं का? खोलीत ओल नाही ना? हसतो का?

माझ्याबद्दल काही विचारतो का? ही ओळ वाचू नकोस, मला खोडायची होती पण शाई संपत आलीय.

तुझी आई

*

लिव्हरपूल, १० जून १९२८

प्रिय आई,

खाली बसून वाच.

जानेवारीपासून गोमर एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी येतो. आमच्या वसतिगृहाच्या बैठकीत त्या नाजूक खुर्चीवर बसतो, खुर्ची कुरकुरते, तो उठतो, पुन्हा बसतो. आमच्या मेट्रनने मला बोलावून सांगितलं, "मुलगा सालस दिसतो, पण घाई करू नकोस." सगळ्या मुलींनी तेच धरलं. आणि आई, मीही तेच धरलं. मला वाटलं, हा माझ्यासाठी येतो. मी नकाराची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती, फार दुखावणार नाहीत अशी.

गेल्या रविवारी तो शर्टाची कॉलर ओढत म्हणाला, "टेगवेन, तुम्हाला एक विचारायचंय. घरात मोठं माणूस दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच विचारावं लागतंय." मी म्हटलं, "गोमर, मला तुमच्याबद्दल आदर आहे..." तो म्हणाला, "नाही, तुमच्या आईबद्दल."

मी खरोखर तोंड उघडं टाकून बसले. मग मला हसू फुटलं. इतकं की मेट्रन डोकावून गेली. तो बिचारा लालबुंद.

खोलीत गेल्यावर मी रडले, तेही सांगते. चांगली रडले.

बाबा गेल्यावर मला वाटलं होतं की तू चादर बदलावी तसं सगळं बदलून टाकलंस. या सहा महिन्यांत गोमरने मला बाबांच्या ज्या गोष्टी सांगितल्या त्यातल्या निम्म्या मलाही ठाऊक नव्हत्या. तुला मागणी घालताना बाबांना कुत्रा चावला होता, ते मला कधी सांगितलं नव्हतंस! मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाला, "रॉसरबाईंनी. त्या रोज जेवताना त्यांच्याबद्दलच बोलायच्या. मला एबेन रॉसर भेटले असते तर आवडलं असतं." आणि तू त्याला बाबांच्या खुर्चीत कधी बसू दिलं नाहीस, हेही कळलं. मांजराला बसवायचीस म्हणे, म्हणजे नाही म्हणायची वेळ यायला नको.

मी त्याला विचारलं, इथे आलात त्याचा पश्चात्ताप होतो? म्हणाला, "सामना सुरू व्हायच्या आधी होतो. इथले लोक चांगलं ओरडतात, पण गात नाहीत." मग म्हणाला, "त्यांनी जा म्हटलं म्हणून आलो. आता त्यांनी ये म्हटलं तर वेल्सला परत जाईन, पण मग पोट कशावर भरणार? म्हणून त्यांनाच इकडे या म्हणायचंय. त्या नाही म्हणतील."

मी म्हटलं, "हो, म्हणतील. आधी नाही म्हणायचं आणि मग चूल घासायला घ्यायची, ही आमच्या आईची पद्धत आहे."

तेव्हा चूल घासून झाली की उत्तर लिही. लोक बोलतील. बोलू देत. तुझ्यापेक्षा तो लहान आहे, हे मला दिसतं. मी नर्स आहे, आंधळी नाही. पण आई, तो तुझं नाव घेताना उभा राहतो. बसलेला असला तरी उठून उभा राहतो.

तुझी,
टेगवेन

*

मार्गेड अ‍ॅनचं घर, ट्रेवर्न, १५ डिसेंबर १९२९

लाडक्या टेगवेन,

तुला सुट्टी मिळाली असती तर फार बरं झालं असतं. मार्गेड अ‍ॅनच्या ग्वेनीचं लग्न छान झालं. नवरी रडली, नवरदेव त्याहून जास्त रडला. सगळ्यांनी तुझी चौकशी केली.

गोमरशी माझं लग्न झाल्यावर इतक्या दिवसांनी मी पहिल्यांदाच गावात आले, तर येताना गाडीत सारखी टोपी नीट करत होते. तुला आठवतं ना, होवेल्स पाद्र्यांनी आमचं लग्न लावायला नकार दिला आणि तू लिव्हरपूलच्या वेल्श चॅपलात सगळी धावपळ केलीस. काल लग्नात ते मला बघून नुसती मान हलवून गेले. मी पण हलवली. आपलं घर आता शॅड्रॅकच्या भाच्याकडे आहे. पडदे बदललेत. सकाळी एबेनच्या थडग्यावर गेलो होतो. गोमरने तण काढलं, मी एबेनला आपली खबर सांगितली. गोमर लांब जाऊन उभा राहिला होता, मीच हाक मारून जवळ बोलावलं.

पण तुला काल संध्याकाळचं सांगायचंय.

चॅपलकडून इकडे यायला 'फार्मर्स आर्म्स'वरूनच रस्ता. काल क्लबाचा सामना होता, सगळे आत. खिडक्यांतून उजेड आणि गलका. गोमर म्हणाला, "आपण वरच्या रस्त्याने जाऊ." मी म्हटलं, "वर चिखल आहे, माझे लग्नातले बूट आहेत." खरं सांगते, मला बुटांचीच काळजी होती. त्याला तिथे बंदी आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

नेमका वॉटकिन दारात आला. गोमरला बघून तो इतका आनंदला की दोन्ही हात पुढे केले, आणि मग त्याला आठवलं. हात तसेच राहिले. "गोमर," म्हणाला, "तुला आत बोलवता येत नाही रे."

"ठाऊक आहे. मी चाललोच होतो. पोरं कशी आहेत?"

"बरी आहेत." वॉटकिन रडायच्या बेताला आलेला. "मी नियम केला नाही."

"अरे, तू कशाला करशील?"

वॉटकिन आत गेला आणि दार लागलं. टेगवेन, मी कधी दारूच्या गुत्त्यात पाऊल टाकलेलं नाही, पण त्या क्षणी आत जाऊन टेबलं उलथवावीत असं वाटलं. या माणसाने यांच्यासाठी अंगाची हाडं मोडून घेतली! गोमर माझा हात धरून म्हणाला, "लाइसा, चल. थंडी आहे." बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला होता. आम्ही दहा-बारा पावलं गेलो असू.

मागे दार उघडलं. वॉटकिन बाहेर आला, हातात ग्लास. त्याच्यामागे त्याचा भाऊ. मग संघातली नवी पोरं, ज्यांना मी ओळखतही नाही. मग म्हातारे. सगळे डोक्यावर काही नसताना, ग्लास घेऊन रस्त्यात येऊन उभे. आतला गलका बंद आणि रस्ता भरलेला. दोघांनी बाक उचलून आणला आणि मला बसवलं. कुणीतरी मार्गेड अ‍ॅनकडे पळत जाऊन माझ्यासाठी चहा आणला, कपावर बशी झाकून. गुत्त्याचा मालक दारातून ओरडला, "ग्लास फोडू नका रे रस्त्यात!"

वॉटकिनने गोमरच्या हातात ग्लास दिला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गोमर मथायसने आत यायचं नाही असा नियम आहे. आम्ही बाहेर यायचं नाही असा नियम मला तरी सापडला नाही. आणि मी सेक्रेटरी आहे."

गोमर नुसता ग्लास धरून उभा. कान लाल. एक म्हातारा म्हणाला, "पी की रे, पावसाने पातळ होतेय!"

मग ते गायला लागले. तुला सांगते, तो आपल्या नव्या गावच्या मैदानावर शनिवारी शनिवारी इतका छान खेळतो, लोक खांद्यावर घेतात, पण त्याच्या चेहऱ्यावर काल जे पाहिलं ते मी तिथे कधी पाहिलं नाही.

तेवढ्यात पलीकडून होवेल्स पाद्री आले, छत्री घेऊन. गाणं एकदम बारीक झालं. चॅपलमध्ये लग्न, आणि चॅपलची बाई गुत्त्यापुढे बाकावर! मी कप खाली ठेवला. म्हटलं, आता ऐकायचं.

ते रस्ता ओलांडून माझ्यापुढे आले. म्हातारे झालेत ते फार. मग छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "मिसेस मथायस, असं भिजू नका. छातीत बसेल."

गावात मला या नावाने अजून कुणीच हाक मारली नव्हती.

नंतर त्यांनी घसा खाकरला आणि खालचा सूर धरला. छत्री माझ्यावरच धरून, स्वतः पावसात.

आम्ही मंगळवारी निघतो. स्टेशनवर येऊ नकोस, तुझी रात्रपाळी असते; रविवारी जेवायला ये. गोमर आत्ता गुडघा शेकत बसलाय आणि म्हणतोय, तिला सांग मी फक्त एकच ग्लास प्यायलो. दोन प्यायला.

तुझी आई